पणजीची नथ

घरातील वडीलधारे माणूस प्रभूमध्ये विसावले, की चार-सहा महिन्यांनी केव्हातरी कपाटातील ती डबी उघडावीच लागते. आमच्यावर ती वेळ नागपुरास आली. आईच्या मागे मी व धाकटी बहीण अशी दोघेच. डबीत दोन पाटल्या होत्या, वडिलांचे एच. एम. टी.चे चावीचे घड्याळ होते आणि तलम कापडात बांधलेली एक मोत्यांची नथ होती. बाप्तिस्म्यानंतर पणजीने ती पुन्हा घातली नाही आणि मोडलीही नाही, एवढेच आम्ही ऐकून होतो.

जुन्या वस्तूचे मोल ठरवणे वाटते तितके सरळ नाही. त्यातल्या त्यात सोन्याचे सोपे. सराफ पाटली कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर तेजाब लावतो आणि कस सांगतो. हल्ली यंत्रही कॅरेट सांगते. पण ते पृष्ठभागापुरतेच पाहते, आतली लाख त्याला दिसत नाही. मग घट वजा होते, आणि घडणावळीचे पैसे तर मोडीत शून्यच. घड्याळाचे उलटे आहे. हा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला उभा राहिला. २०१६ मध्ये सरकारने ते काम बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तेव्हापासून संग्राहक ही घड्याळे शोधत फिरतात. त्यांना डायल मूळची हवी, मग ती काळवंडलेली का असेना. आमच्या वडिलांनी ती हौसेने नव्याने रंगवून घेतली होती!

पाटल्या लाखेच्या निघाल्या. सोने जेमतेम दीड तोळा. नथीत तर पाव तोळाही नव्हते. सराफाने तिचे मोती मोजले नाहीत. जुन्या मोत्यांचे काही येत नाही, असे म्हणाला. बहीण म्हणाली, “दादा, तू शिकलेला. तूच ठरव.” मी पाटल्या तिला दिल्या, नथ आणि घड्याळ स्वतःकडे ठेवले. नातलगांनी मला उदार म्हटले आणि मी ते ऐकून घेतले.

वाचकहो, माझ्या मनात त्या क्षणी काय होते ते सांगतो. जपानचे संवर्धित मोती बाजारात पसरले ते १९२० नंतरच्या दशकात. पणजीची नथ त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे हे मोती एकतर नकली, नाहीतर समुद्रातून पाणबुड्यांनी काढलेले अस्सल बसरा मोती. दाताला लावून पाहिले, तर ते किंचित खरबरीत लागले. काचेचा मणी असा लागत नाही. ही शंका मी बोललो नाही. पुढे हैदराबादला परतल्यावर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणाने तपासून घेतली. मोती नैसर्गिक होते. पत्थरगट्टीच्या एका जुन्या व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत दोन्ही पाटल्यांच्या जवळपास दुप्पट होती.

शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यास वजने व मोले यांचा विसर पडत नाही. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबकेला मिळालेली नथ अर्ध्या शेकेलाची आहे. उत्खननात सापडलेल्या वजनांवरून शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा ठरतो आणि आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ती नथ जवळजवळ आपल्याच मापाने अर्ध्या तोळ्याची. पहिल्या शमुवेलातील ‘पीम’ या शब्दाचे मात्र तसे नव्हते. फाळ धारदार करून देण्याची ती मजुरी. पण पीम कोरलेली दगडी वजने जमिनीतून निघेपर्यंत भाषांतरकारांना तिचा अर्थच उमगला नव्हता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे कानस आली. त्या विद्वानांना कोणी दोष देत नाही, देऊही नये. त्यांना ठाऊक नव्हते. मला मात्र जवळजवळ ठाऊक होते, आणि पुढे तर पुरतेच ठाऊक झाले.

त्याच सुमारास आम्ही एका आदिवासी भाषेत मत्तयाचा तेरावा अध्याय उतरवत होतो. शेतात ठेव सापडलेला मनुष्य ती पुन्हा लपवतो आणि सर्वस्व विकून शेत घेतो. आमच्या भाषा-साहाय्यकाने विचारले, “त्याने शेताच्या मालकाला सांगितले का?” मी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिले, की दाखल्याचा रोख राज्याच्या अमोलपणावर आहे, व्यवहारावर नव्हे. हे उत्तर आजही मला बरोबर वाटते. परंतु त्या दिवशी ते मी फार घाईने दिले.

खरेदीदाराने बोलावे की नाही, हा वाद जुना आहे. विकणारा अजाणतेपणी तांब्याच्या भावाने सोने देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची असून भरपाई करणे त्याला बंधनकारक आहे, असे थॉमस अक्वायनसने लिहिले. आणि संत ऑगस्टीन त्रैक्यावरील ग्रंथाच्या तेराव्या भागात आपल्या माहितीतील एका मनुष्याविषयी सांगतो: पुस्तक विकणाऱ्याला त्याचे मोल माहीत नाही आणि तो फारच थोडे मागतो आहे, हे पाहून त्याने अनपेक्षितपणे योग्य किंमत त्याच्या हाती ठेवली. ऑगस्टीनला असा माणूस उल्लेख करण्याजोगा वाटला, यावरून तो किती विरळा असावा ते दिसते. माझी सबब तर याहून लंगडी होती. मी खरेदीदार नव्हतोच. तराजू माझ्या हाती विश्वासाने दिलेला होता.

मनाशी मी पुष्कळ हिशेब केले. नथ विकायची नाहीच, मग किंमतीचा प्रश्न कोठे? आईच्या आजारपणात खर्च मी अधिक केला, तो कोणी मोजला? हे सारे खरे होते. तरी प्रयोगशाळेचा अहवाल मी घरात कोणालाही न दाखवता शब्दकोशात घालून ठेवला होता, हेही खरेच.

अकरा महिन्यांनी जबलपूरला बहिणीला फोन केला आणि सगळे सांगितले. नथ तुझी, किंवा अर्धे मोल तुझे, जे म्हणशील ते, असेही म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले होते, किती रुपये ते विचारील. तिने विचारले, “दादा, तुला कळलं केव्हा?”

मी उठलो, शब्दकोश उघडला आणि अहवालावरील तारीख तिला वाचून दाखवली.