शब्द तेच, पण अर्थ तोच आहे का?
(पवित्र त्रैक्याच्या रविवारानिमित्त चिंतन)



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामात एक आनंदाची गोष्ट घडते. पुणे, हैदराबाद, बंगळूरला नोकरी-शिक्षणासाठी गेलेली आपली मुले घरी येतात आणि रविवारच्या मिस्साला मागच्या बाकांवर ओळखीचे चेहरे दिसू लागतात. पण काही मुले येत नाहीत. अशाच एका मुलाची आई परवा संध्याकाळी आम्हाला भेटायला आली. तिची परवानगी घेऊन, पण नाव-गाव न सांगता, तिचा प्रश्न आज आम्ही तुमच्यासमोर ठेवत आहोत.

तिचा मुलगा दोन वर्षांपासून हैदराबादला आहे. नवीन शहर, रात्रपाळीची नोकरी, रविवार झोपण्यात जायचा. चर्च कुठे आहे हे त्याने शोधले नाही आणि त्यालाही कोणी शोधले नाही. एके दिवशी पांढरा शर्ट आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेले दोन तरुण त्याला भेटले. अतिशय नम्र. तो तापाने आजारी पडला तेव्हा तेच जेवण घेऊन आले, तेच दवाखान्यात बसले. आता तो रविवारी त्यांच्या प्रार्थनेला जातो. त्याच मंडळीतील एका मुलीशी लग्नाची बोलणीही सुरू आहेत आणि त्याआधी त्याने त्यांच्याकडे स्नानसंस्कार घ्यावा असे ठरत आहे.

ती आई म्हणाली, "फादर, ते लोक बायबल वाचतात, येशूचे नाव घेतात. दारू नाही, सिगारेट नाही, चहासुद्धा पीत नाहीत. पाण्यात उतरवताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हेच शब्द म्हणतात. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? मी उगाच काळजी करते का?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्या तिचा नाही. आज पवित्र त्रैक्याचा सण आहे. या प्रश्नाचे उत्तर आजच्या सणातच आहे.

हे लोक कोण?

आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्यांच्या मंडळीचे नाव आहे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी लोकांना विनंती केली की आम्हाला याच पूर्ण नावाने ओळखावे. आम्ही इथे 'मॉर्मन' हा शब्द केवळ ओळखीचा म्हणून वापरतो, त्यात अनादर नाही.

अमेरिकेत जन्मलेल्या जोसेफ स्मिथ (१८०५-१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी ही मंडळी स्थापन केली. त्याच वर्षी 'बुक ऑफ मॉर्मन' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोन्याच्या पत्र्यांवरील प्राचीन लेखाचे हे भाषांतर आहे, असे स्मिथ यांचे म्हणणे होते. १८४४ साली इलिनॉय राज्यातील तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. नंतर ब्रिगहम यंग यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे अनुयायी पश्चिमेकडे निघाले व १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. आज जगभर त्यांचे दीड कोटीहून अधिक सभासद आहेत.

आपल्या महाराष्ट्राला हे नाव नवीन नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी मुंबईत उतरले व पुढे पुण्यात त्यांनी छोटी मंडळी उभी केली, पण ती टिकली नाही. अलीकडच्या काळात १९९३ साली त्यांचे बंगळूर मिशन सुरू झाले. २०१२ साली हैदराबादला त्यांचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून एक विभाग, स्थापन झाला. म्हणजे आपली मुले जिथे नोकरीला जातात, तिथेच ही मंडळी आहे.

वडिलांचे नाव काय?

धर्मग्रामाच्या कार्यालयात कोणी स्नानसंस्काराचा दाखला मागायला आला की आम्ही काय विचारतो? आपल्या नोंदवहीत जोसेफ कितीतरी आहेत, मारिया कितीतरी आहेत. नाव ऐकून दाखला देता येत नाही. म्हणून आम्ही विचारतो, "वडिलांचे नाव काय?" त्यावरून कळते की हा कोणता जोसेफ.

श्रद्धेचेही तसेच आहे. मॉर्मन बांधव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे म्हणतात, आपणही म्हणतो. पण तो पिता कोण, असे विचारले की दोन उत्तरे येतात.

आपली श्रद्धा अशी आहे की देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, पण त्यांचे ईश्वरत्व एकच. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. इ. स. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या विश्वपरिषदेने हेच ठामपणे सांगितले आणि दर रविवारी उभे राहून आपण तेच म्हणतो. हा देव आत्मा आहे, त्याला आरंभ नाही, आणि जे काही आहे ते सर्व त्याने निर्माण केले आहे.

मॉर्मन शिकवणुकीप्रमाणे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगवेगळे आहेत. ते हेतूने एक आहेत, तत्त्वाने नाहीत. पित्याला आपल्यासारखे हाडामांसाचे, पण गौरवी शरीर आहे. स्वर्गीय पित्याबरोबर स्वर्गीय माताही आहे. आणि माणूस प्रगती करत करत देवासारखा होऊ शकतो. निकेयाचा अंगीकार ते मानत नाहीत, हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात.

बंधू-भगिनींनो, हा किरकोळ फरक नाही. आपणही म्हणतो की देवाने आपल्याला त्याच्या स्वभावाचे भागीदार केले आहे. संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:४) तसे सांगितले आहे. पण ते कृपेने, दान म्हणून. निर्माणकर्ता आणि निर्मिती यांच्यातील अंतर त्यामुळे मिटत नाही. दिवा सूर्यापासून पेटला तरी तो दुसरा सूर्य होत नाही.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

हा प्रश्न रोमपर्यंत गेला होता. ५ जून २००१ रोजी श्रद्धा-सिद्धांत मंडळाने त्याचे उत्तर दिले. प्रश्न असा होता की मॉर्मन मंडळीत दिलेला स्नानसंस्कार वैध आहे का? उत्तर एका शब्दाचे होते, नाही. त्याखाली मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही होती आणि पोप जॉन पॉल दुसरे यांची त्याला मान्यता होती. तोपर्यंत त्या स्नानसंस्काराला सहसा हरकत घेतली जात नसे, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा ठरला.

कोणी म्हणेल, ख्रिस्तसभा इतकी कडक का? खरे तर या बाबतीत ख्रिस्तसभा फार उदार आहे. तिसऱ्या शतकातच पोप स्टीफन यांनी भूमिका घेतली होती की ख्रिस्तसभेपासून दुरावलेल्यांनी दिलेला स्नानसंस्कार पुन्हा देऊ नये. पुढे संत ऑगस्टीन यांनी तेच समजावून सांगितले. संकटकाळी स्नानसंस्कार न झालेली व्यक्तीही, ख्रिस्तसभेला जे करायचे आहे ते करण्याच्या हेतूने, हा संस्कार देऊ शकते.

उदाहरण आपल्या शहरातलेच घ्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. त्यांचे आणि आपले मतभेद आहेत. पोपमहोदयांचा अधिकार, ख्रिस्तप्रसादाविषयीची शिकवण अशा बाबी आहेत. तरीही त्यांचा स्नानसंस्कार आपण मान्य करतो, कारण ते ज्या त्रैक्याच्या नावाने तो देतात ते त्रैक्य आपलेच आहे. ते आपले स्नानसंस्काराने झालेले भाऊ-बहीण आहेत.

मॉर्मन संस्कारात पाणी आहे, शब्दही आहेत. नाही ती त्या शब्दांमागची श्रद्धा. त्यांच्या मते स्नानसंस्काराची सुरुवात आदामापासून झाली, आदिपापाचा डाग नसतो आणि म्हणून मूल आठ वर्षांचे झाल्यावरच तो दिला जातो. हा निर्णय त्यांच्या वागणुकीवरचा शेरा नाही. तो फक्त एवढेच सांगतो की हा संस्कार वेगळा आहे.

आणि हेही ध्यानात घ्या की तेसुद्धा आपला स्नानसंस्कार मानत नाहीत. कॅथलिक व्यक्ती त्यांच्यात गेली की तिला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. फरक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. मग आपणच "सगळे सारखेच" असे का म्हणावे?

प्रभू आपल्याला सोडून गेला होता का?

आणखी एक मुद्दा आहे. मॉर्मन शिकवणुकीप्रमाणे प्रेषितांच्या मृत्यूनंतर खरी ख्रिस्तसभा पृथ्वीवरून नाहीशी झाली आणि १८३० साली ती पुन्हा स्थापन झाली. मधल्या शतकांत देवाचा अधिकार कुणाकडेच नव्हता.

थोडा विचार करू या. तसे असेल तर संत थॉमसची परंपरा जपणारे केरळचे ख्रिस्ती, ज्यांची कितीतरी कुटुंबे आज नागपुरात आपल्या शेजारी राहतात, ते इतकी शतके रिकाम्या घरात प्रार्थना करत होते का? आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेले, ते कोणत्या ख्रिस्तसभेसाठी? आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी कोणत्या अधिकाराने उपासना केली? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभूने वचन दिले आहे की तो युगाच्या समाप्तीपर्यंत रोज आपल्याबरोबर राहील. ख्रिस्तसभेत पापी होते, आहेत, आम्हीही त्यातलेच. पण प्रभूने वचन मोडले असे आम्ही म्हणू शकत नाही.

म्हणून त्या आईच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की मॉर्मन श्रद्धा आणि ख्रिस्तसभेची श्रद्धा यांचा मेळ बसत नाही. दोन्ही एकाच वेळी धरता येत नाहीत.

पण त्यांच्याशी कसे वागावे?

मेळ बसत नाही म्हणजे वैर आहे असे नाही. ९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली होती. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगतो की आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यावे, पण सौम्यतेने. दारात आलेल्या माणसाला पाणी द्या. त्यांच्या ग्रंथाची टिंगल करू नका. आपली श्रद्धा शांतपणे सांगा.

आणि थोडे शिकाही. त्यांचे तरुण आपल्या उमेदीची दोन वर्षे सेवेला देतात. महिन्याच्या एका रविवारी ते उपवास करतात आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देतात. आठवड्यातील एक संध्याकाळ कुटुंबासाठी राखतात. आपल्या घरात टीव्ही बंद करून रोझरी म्हटल्याला किती दिवस झाले?

आम्ही त्या आईला विचारले, "मुलगा सिद्धांत पटला म्हणून गेला का?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही फादर. त्याला ताप होता तेव्हा तेच आले होते."

हे वाक्य आम्हाला टोचले. त्या मुलाला त्रैक्याविषयी चुकीचे कोणी शिकवण्याआधी, तो आजारी असताना आपल्यापैकी कोणीच गेले नव्हते. तो इथून गेला तेव्हा आम्ही त्याला तिथल्या धर्मगुरूंचा पत्ता दिला नव्हता. दोष त्या दोन तरुणांना देण्याआधी आम्ही आमची छाती बडवतो.

काही व्यावहारिक गोष्टी

कॅथलिक व्यक्तीचे लग्न चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या व्यक्तीशी ठरले तर महागुरुस्वामींची परवानगी लागते. मॉर्मन व्यक्तीशी ठरले तर, तिचा स्नानसंस्कार वैध नसल्यामुळे, धर्मभिन्नतेच्या अडथळ्यातून रीतसर सूट घ्यावी लागते. ती न घेता केलेला विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अवैध ठरतो. म्हणून हॉल ठरवण्याआधी आमच्याकडे या. अशा लग्नाला दार बंद नाही, पण मुलांच्या श्रद्धेविषयी आधी मोकळेपणाने बोलायला हवे.

आपले कोणी तिकडे स्नानसंस्कार घेऊन बसले असेल, तरी त्याचा पहिला स्नानसंस्कार पुसला गेलेला नाही. परत येण्यासाठी तो पुन्हा घ्यावा लागत नाही. धर्मगुरूंना भेटावे, पापनिवेदन करावे. घर त्याचेच आहे.

मूल बाहेरगावी जात असेल तर बॅग भरताना आम्हाला एक फोन करा. तिथल्या धर्मग्रामाचा पत्ता आम्ही शोधून देऊ. युवक-युवती संघानेही बाहेर गेलेल्यांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाची विचारपूस करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

त्या आईने निघताना विचारले, "आता मुलाला काय सांगू?" आम्ही म्हणालो, "पहिला फोन भांडणाचा नको. तब्येत विचारा. मग सांगा की आई आजही रोज झोपताना तुझ्या नावाने क्रूसाची खूण करते. लहानपणी हात धरून तुम्हीच त्याला ती शिकवली होती. त्या खुणेत आपला सगळा देव आहे."

आज घरी गेल्यावर आपणही ती खूण घाईने न करता सावकाश करू या. दूर असलेल्या एका तरी मुलाचे नाव त्या वेळी मनात घेऊ या.

हे पवित्र त्रैक्या, एकच देवा, तुझ्या नावाने आमचा स्नानसंस्कार झाला. घरापासून दूर असलेल्या आमच्या लेकरांना सांभाळ. जे तुला वेगळ्या रीतीने शोधतात त्यांच्यावर कृपा कर आणि आम्हाला श्रद्धेत पक्के व प्रेमात मऊ ठेव. आमेन.