एकदाच घडलेलं

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. महिन्याचं नावही त्यावरूनच आलं. पण या तारकागुच्छाचा फोटो काढायचा तर चांदणं नको. म्हणून अमावास्येपर्यंत थांबलो आणि 80 मिलिमीटरची दुर्बीण परसात लावली. प्रत्येकी 30 सेकंदांचे 64 फोटो घेतले.

एकट्या फोटोत तारे दिसतात, पण त्यांच्या प्रकाशाने उजळलेली निळसर धूळ खरखरीत बुडून जाते. 64 फोटो एकमेकांवर ठेवून सरासरी काढली, की प्रकाशाच्या मानाने खरखर आठपट कमी होते आणि सुमारे 440 प्रकाशवर्षांवरचं ते धूसर तेज वर येतं.

दोन फोटोंत उपग्रहांच्या रेघा होत्या, एकात विमान. तयार चित्रात यातलं काहीच नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूच्या 64 नोंदी ताडून पाहतं आणि इतरांपासून फार दूरची नोंद वगळतं. थोडक्यात, पुन्हा पुन्हा दिसलं ते खरं, एकदाच दिसलं ती चूक. पण विमान तर खरंच गेलं होतं. त्यात माणसं होती.

मग चित्र खोटं का? तसं वाटत नाही. मी कृत्तिकांविषयी विचारलं होतं, त्या रात्रीविषयी नव्हे. तेच चित्र ‘त्या रात्रीचं आकाश’ म्हणून दाखवलं, तर मात्र खोटेपणा सुरू होतो.

अडचण ही, की हीच रीत मी माणसांनाही लावत आलो. वडील कडक होते, अबोल होते, असं मी सांगतो. अनेक वर्षांची ती सरासरी आहे, आणि चुकीची नाही. पण मी आठ वर्षांचा असताना एका रात्री त्यांनी मला उठवून अंगणात नेलं आणि कृत्तिका मोजायला लावल्या. सहा भरल्या. सातवी काही दिसेना. म्हणाले, “असू दे. मलाही दिसत नाही.” अशा स्वरात ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

सरासरीच्या हिशेबात ही रात्र गळून पडते. ती ठेवायची, तर एखाद्या सज्जनाने एकदाच केलेला दुष्टपणाही ठेवावा लागेल, हे मला कळतं. तरी ठेवावं. कृत्तिका पुढच्या अमावास्येलाही तिथेच असतील, त्यांचे आणखी 64 फोटो घेता येतील. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही.

रेघा उमटलेले ते तीन फोटो मी अजून पुसलेले नाहीत.