घरटे हालवणारी पक्षीण

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे (स्थापना १८६९) ब्रीदवाक्य लॅटिन आहे : 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम', म्हणजे उडावयास चेतवणारा. कॉलेज जेझुइटांचे, पण शब्द आपल्याही शास्त्रातले. अनुवाद ३२:११ मध्ये मोशे परमेश्वराला गरूड पक्षिणीची उपमा देतो, तेथून ते घेतले आहेत.

मात्र मूळ इब्री वचनात 'उडावयास चेतवणे' असे नाहीच. तेथे पक्षीण आपले घरटे हालवते. ख्रिस्तपूर्व काळी झालेल्या ग्रीक भाषांतरात ती घरट्यावर पाखर घालते. पुढे इ. स. ४०० च्या सुमारास जेरोमने लॅटिन भाषांतर करताना पिलांना उडायला लावले. इब्री क्रियापदाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. तो वाद आपल्याला मिटवायचा नाही.

जांबोटीत शब्बाथशाळेत हे वचन शिकवताना मी घरटे हालवण्यावरच भर देत आलो. आमच्याकडे ते सहज पटते. चोर्ला घाटाच्या वाटेवरचे हे जंगलाचे, पावसाचे गाव. शिकायला किंवा नोकरीला पोराने बेळगाव, पुणे नाहीतर गोवा गाठायचा. आईबाप म्हणतात, देवाने घरटे हालवले. तोवर ठीक. पण एका घरी मयत झाली असता मी तेच वाक्य तरुण विधवेला ऐकवले. ती काही बोलली नाही. उठून चहाची भांडी विसळायला गेली. ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस गप्प बसले होते, तोवर बरे होते.

दोष कोणत्याच भाषांतराचा नव्हता. मी वचन अर्धेच वाचले होते. पुढे तीच पक्षीण पंख पसरते, पिलांना पंखांवर वाहून नेते. जी वाहून नेते तिलाच हालवण्याचा अधिकार. बाप, शिक्षक, पाळक, कुणीही 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून एखाद्याला धक्का देतो तेव्हा पुढे वाहून नेण्याची त्याची तयारी आहे काय? आणि दुसऱ्याचे घरटे कोसळले असता ते देवानेच हालवले, असे सांगण्याचा परवाना मला कुणी दिला होता? ब्रीदवाक्य आखूड असते, त्यात अर्धेच मावते. उपदेशाला ती सबब नाही.

परवा वर्गात एका लहान मुलीने विचारले, "गुरुजी, पिलू पडले तर?" मी तिला पुढचे शब्द वाचायला लावले. तिने वाचले आणि म्हणाली, "तरीपण पडले तर?"

त्या दिवशी मला उत्तर जमले नाही. येत्या रविवारी वर्गात स्तोत्र २२ घेणार आहे.