कोठीतली मोरी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्या भिवंडीच्या घरी माझ्याच जुन्या नकाशांची गुंडाळी खाली आली. मी हयातभर ड्राफ्ट्समनचे काम केले. लोकांची घरे कागदावर मांडून पोट भरले. पुतणी वास्तुकला शिकते. सुटीला आली होती. तिनेही आपले अभ्यासाचे कागद माझ्या शेजारी अंथरले. पाहतो तो सगळे नकाशे वेड्यांच्या इस्पितळांचे! चकली मोडता मोडता मी त्यांत गुंतून गेलो.

पहिला व्हिएन्नाचा, १७८४ सालचा. पाच मजली वाटोळा बुरूज आणि त्यात १३९ कोठड्या. तिथले लोक त्याला आपल्याकडच्या एका गोल केकचे नाव देऊन हसत. आपण तरी काय वेगळे करतो? ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे. त्यामुळे कोणी जरा विचित्र बोलला की, ‘याला ठाण्याला धाडा,’ म्हणून आम्ही मोकळे!

दुसरा नकाशा अमेरिकेतल्या डॉक्टर कर्कब्राइड यांच्या पद्धतीचा. त्यांचे पुस्तक १८५४ चे. मधल्या इमारतीच्या दोन्ही अंगांना पायरीपायरीने मागे सरत गेलेली दालने. प्रत्येकाला वारा आणि उजेड मिळावा म्हणून. चांगल्या इमारतीत माणूस बरा होतो, अशी या गृहस्थांची श्रद्धा.

तिसरे इस्पितळ इंग्लंडातल्या यॉर्कचे, क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ मध्ये उघडलेले. त्याच्या खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण दिसायला लाकडी. आतल्या माणसाला गज दिसू नयेत, तुरुंगाची आठवण होऊ नये, एवढ्यासाठी.

“ही तर लबाडी झाली,” मी म्हणालो. “गज तो गजच!”

पुतणीचे लक्ष माझ्या नकाशाकडे होते. “काका, या कोठीत मोरी कशाला?”

हातातली चकली हातातच राहिली.

तो आमच्याच घराच्या दुरुस्तीचा नकाशा होता. त्या खोलीत माझी आत्या राहत असे. तिचे चित्त ठिकाणावर नव्हते. घरात कोणी दुष्ट नव्हते. तिला वेळेवर जेवण मिळे, सणाला नवे लुगडे मिळे. पण बहिणींची लग्ने व्हायची होती. दाराला कडी बाहेरून होती, आणि नकाशावर मी सुरेख अक्षरांत लिहिले होते, ‘कोठी’.

मग यॉर्कच्या खिडकीत आणि माझ्या अक्षरांत फरक कोणता? झाकले दोघांनीही. पण त्यांनी गज झाकला, तो आतल्या माणसाला लागू नये म्हणून. मी माणूसच झाकला, बाहेरच्यांना लागू नये म्हणून. प्रत्येक असत्य पाप नसते, हे मी मानतो. पण त्याने कोणाचा जीव हलका झाला, एवढे तरी विचारावे. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली. शब्दांच्या साखळ्या कोणता कायदा तोडणार?

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून काढता येते. त्या रात्री मी ‘कोठी’ खरवडली आणि तिथे ‘आत्याची खोली’ असे लिहिले. तिला आता त्याचा काही उपयोग नाही. पण सकाळी पुतणीने विचारले, “काका, आत्याआजी दिसायला कशी होती हो?”

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला.