गाडी रात्रभर इथंच राहू द्या

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना अडखळू लागली की जाणता मेकॅनिक मालकाला सांगतो, ‘आज गाडी इथंच ठेवून जा, सकाळी मीच चालू करतो.’ अनेकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मला मात्र साऱ्या तपासणीत हीच रात्र मोलाची वाटते. थंड गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर क्षणभर नुसती उभी राहते आणि मग धक्का देऊन सरकते, हा दोष दुपारी तापलेल्या गाडीत शोधूनही सापडत नाही. उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, जुनी रबरी सीलं थंडाव्यानं कडक झालेली असतात. पंप पुन्हा दाब तयार करेपर्यंत आतले क्लच पकड घेत नाहीत. याउलट घाटात गाडी तापल्यावरच रेस वाढते आणि गाडी मात्र ओढत नाही, अशी तक्रार असेल तर पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या जागांतून निसटत असण्याची शक्यता मोठी. दाब पडला की क्लच घसरणारच. दुखणं केव्हा उठतं हे कळलं, की कुठं पाहायचं तेही बरंचसं कळतं.

अर्थात, ऑटोमॅटिक कोणती हे आधी विचारायला हवं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आपल्या रस्त्यांवर आलेल्या एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ती जरा थबकते, तो तिचा स्वभाव आहे. त्यावर इलाज करत बसू नये.

मग ऑइल. ते बहुधा लालसर असतं. काळपट होऊन करपट वास आला तर क्लच जळताहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर बहुधा रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय, आणि अशी गाडी चालवत घरी नेऊ नये.

स्कॅनर शेवटी नाही, पण एकटाही नको. त्यावर ‘पी०७००’ उमटलं की काही ठिकाणी लगेच ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून मोठा आकडा पुढं करतात. हे फार वाईट आहे. तो कोड एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं काहीतरी नोंदवलंय; काय, ते त्या कंट्रोलरमध्ये शिरून वाचावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे आल्या आल्या कोड पुसून टाकणं. दोष घडला तेव्हाचा वेग, इंजिनाचं तापमान, त्यावरचा भार अशा त्याच्यासोबतच्या नोंदीही त्याबरोबर जातात.

आणि गिअरबॉक्स खोलण्याआधी स्पार्क प्लग नि इग्निशन कॉइल तपासून घ्यावेत. वरच्या गिअरमध्ये हलक्या रेसवर इंजिन मिस मारू लागलं, तर ती थरथर हुबेहूब टॉर्क कन्व्हर्टरची वाटते.