डोक्यात बसलेली धूळ

आपल्या चळवळीत एका प्रश्नाला सगळेच बगल देतात. अन्यायानं माणूस आतून खचला, तर त्याला आजारी म्हणायचं की नाही?

म्हणायचं नाही, असं सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या मते डिप्रेशन वगैरे ही मलबार हिलवरची चैन. आपल्या पोराला झोप लागत नाही ती भाडं थकलंय म्हणून, छातीत धडधडतं ते कंत्राटदार उद्या काढून टाकील म्हणून. यात आजार कुठाय? औषध एकच, लढा. दुसऱ्या बाजूला पांढरपेशे डॉक्टर. त्यांना भाडं दिसत नाही, कंत्राटदार दिसत नाही, आडनाव ऐकून दार लावून घेणारा घरमालक तर नाहीच नाही. ते म्हणतात मेंदूत रसायनांची गडबड आहे, ही गोळी घ्या. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. एक तर अन्याय खरा, नाहीतर आजार खरा. मला हे एकमतच मान्य नाही.

आधी आकडे बघा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, म्हणजे मुंबईचा आकडाही नाही. मोठ्या माणसांत शंभरामागं १०.६ जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता. खेड्यात ९.६ च्या आसपास, महानगरात १४.७. दीडपट! ‘ठाण्याला पाठवा याला’ असं लोक ज्यांच्याबद्दल बोलतात ते यात थोडे. बाकीची डबा घेऊन कामावर जाणारी, लोकलला लोंबकळणारी माणसं. उदासी, चिंता, दारू. अशा नेहमीच्या विकारांच्या शंभरांतल्या ८५ जणांना कसलाच उपचार मिळालेला नव्हता.

हा दीडपटीचा आकडा धरून ‘बघा, तुमच्या बाबासाहेबांनी शहरात जा म्हणून सांगितलं, गाव बरा होता’ असं म्हणायला काही लोक टपूनच बसलेत. दोस्तहो, त्यांना सांगा, तो आकडा अख्ख्या गावाचा आहे, गावकुसाबाहेरच्या वस्तीचा नव्हे. शहरानं आपल्याला पाणवठा दिला आणि दहा बाय दहाची खोलीही दिली. पहिल्याबद्दल उपकार मानून दुसऱ्याबद्दल गप्प बसायचं कारण नाही.

मी सूतगिरणीत कार्डिंगला आहे. कापसाची धूळ फुप्फुसात बसते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर दम कायमचा जातो. बायसिनोसिस म्हणतात त्याला. धूळ मालकाच्या खात्यातली, फुप्फुस आपलं. पण कारण गिरणीत आहे म्हणून हा आजारच नव्हे, असं कधी कुठला कामगार म्हणाला का? आपण दवाखाना मागतो, रजा मागतो, धूळ खेचणारे पंखे मागतो. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत हा रोग आहे. म्हणजे एका हातात औषध, दुसऱ्या हातात मागणीपत्रक. मनाचं निघालं की आपल्याला एकच हात कसा उरतो?

संताप म्हणजे आजार नव्हे, हे मला कुणी शिकवू नये. संताप बाहेर बघतो. हा विकार उलटा फिरतो. डेव्हिड गोल्डबर्ग या इंग्रज डॉक्टरनं बसवलेली प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात, तिचा बारा प्रश्नांचा छोटा नमुनाही आहे. झोप, चिंता, निर्णय घेता येणं असं विचारत विचारत त्यात एक प्रश्न येतो, आपण कवडीमोल आहोत असं वाटतं का? हे तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवत आलेत! बाहेरचं ते वाक्य माणूस स्वतःच्याच आवाजात स्वतःला ऐकवायला लागला, की व्यवस्थेला वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही. त्याला बरं करणं म्हणजे त्याला मुकाट करणं कसं? हां, झोपेच्या गोळीवर बारा तास राबवून घेणारे आहेत. तो उपचार नव्हे, तेलपाणी झालं यंत्राचं.

आणि ‘रडतोस काय, भीमाचा वाघ ना तू’ म्हणणारा आपला कार्यकर्ता! वाघाला मलेरिया झाला तर तोच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. बायांना तर वाघ म्हणायचीही सोय नाही. उदासी आणि चिंता जगभर बायकांतच जास्त. कामावरची पाळी संपली की दुसरी पाळी चुलीपाशी, आणि तिसरी नवऱ्याच्या दारूपाशी. तिच्याबद्दल शाखेत ठराव होत नाही, फार तर ‘बाहेरचं झालंय’ म्हणून कुणीतरी देवऋषी गाठतं. बुद्ध स्वीकारलेल्या घरात!

डॉक्टर कुठून आणायचे, हे विचारणं रास्त आहे. झिंबाब्वेत हरारे शहराच्या मबारे वस्तीत २००६ साली हाच पेच होता. तिथली शोना बोलणारी माणसं या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या आया ‘लई इचार करतंय पोर’ म्हणतात तेच. डिक्सन चिबांडा या डॉक्टरनं वस्तीतल्या १४ आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेर बाकावर बसवलं. आजी ऐकते, आणि दहा अडचणींतली आधी कुठली हातात घ्यायची ते माणसालाच ठरवू देते. २०१६ साली छापून आलेल्या तपासणीत, नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा अशा बाकावर बोललेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी कमी दिसली. आजीनं कुणाचं भाडं भरलं नाही. तो लढा उरलाच, फक्त लढणारा माणूस उठून उभा राहिला.

बाक आपल्या विहारातही आहे. सरकारचा १४४१६ हा फुकट फोन २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचाराचा हक्क दिलाय, आणि त्यात जातीवरून भेद करायचा नाही असं लिहिलंय. तेव्हा पुढच्या मोर्च्याच्या मागणीपत्रकात पाणी-संडासाच्या खाली एक ओळ घाला, वस्तीच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर. वेळ संध्याकाळची मागा. सकाळची ओपीडी पाळीवाल्याच्या कामाची नाही.