रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस



अंगाला गाठ लागते, तोंडातला चट्टा बरा होत नाही, गिळताना त्रास होतो. गावातले डॉक्टर पुढे पाठवतात. कोणी गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात जातो, कोणी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात. तिथे तपासणीसाठी तुकडा काढतात आणि रिपोर्टसाठी थांबायला सांगतात. ते थांबणे आजारापेक्षा जड जाते. दिवस कामात निघून जातो, रात्री मात्र जीव टांगणीला लागतो. मन चिंती ते वैरी न चिंती, हे तेव्हा खरे कळते.

त्यात आणखी एक टोचणी असते: 'मी इतका घाबरलो, म्हणजे माझी श्रद्धाच कमी.' बंधू-भगिनींनो, हे खरे नाही. मार्ककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचा. गेथसेमानी बागेत प्रभू येशू व्याकूळ झाला. आपल्या जिवाला किती क्लेश होत आहेत हे त्याने शिष्यांना उघड सांगितले. दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनवणी पित्याला केली आणि मग स्वतःला त्याच्या इच्छेवर सोपवले. भीती वाटणे हे पाप असते, तर देवपुत्राला ती वाटली नसती. त्याने भीती लपवली नाही, ती घेऊन तो पित्याकडे गेला.

रिपोर्टला उशीर झाला की पोटात गोळा येतो. पण उशीर म्हणजे वाईट बातमी, असे समजू नका. काढलेला तुकडा आधी औषधी द्रावणात ठेवतात, मग मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काढून रंगवतात आणि तज्ज्ञ डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी खात्रीसाठी आणखी चाचण्या कराव्या लागतात. शिरोड्याची मिठागरे पाहिलेल्यांना हे सांगायला नको. वाफ्यात पाणी घेतले की मीठ धरायला ऊन आणि दिवस लागतात, घाई करून चालत नाही. तोवर माणूस बांध सांभाळतो.

आपण कोणता बांध सांभाळावा? कर्करोगाच्या रुग्णांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन यांच्याकडे पाहा. इटलीतील फोर्ली गावचे हे धर्मबंधू 1345 साली वारले, 1726 साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या पायाला दुर्धर व्रण झाला होता. पाय कापायचे ठरले. आदल्या रात्री ते क्रुसासमोर प्रार्थना करीत बसले आणि सकाळी पाय बरा झालेला आढळला, अशी परंपरा आहे. प्रत्येकाला असा चमत्कार लाभेलच, असे मी सांगणार नाही. येशूचा प्यालाही दूर झाला नाही, पण तो प्यायला बळ मिळाले. लूक सांगतो, की देवदूताने येऊन त्याला धीर दिला. पेरेग्रीन यांनी डॉक्टरांना नकार दिला नव्हता, आणि ती भयाची रात्र त्यांनी क्रुसापाशी काढली. हे दोन्ही आपल्याला करता येते.

म्हणून तपासणी टाळू नका आणि नवस फेडून रिपोर्ट बदलेल या आशेवर उपचार लांबवू नका. घरात एकाला तरी मनातले सांगा. डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नका. रात्री झोप येत नसेल तर जपमाळ हातात घ्या, शब्द सुचले नाहीत तरी चालेल. गंभीर आजाराचे निदान झाले किंवा मोठे ऑपरेशन ठरले, तर आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी फादरांना जरूर बोलवा. तो संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही.

आणि शेजाऱ्यांनो, येशूने शिष्यांकडे मागितले ते एवढेच, की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. आपण झोपू नये. अशा घरी जाऊन 'अमक्याचे असेच झाले होते' या गोष्टी सांगू नका. पेज घेऊन जा, मुलांना शाळेत पोहोचवा, थोडा वेळ नुसते जवळ बसा.

हे प्रभू येशू, जे आज निकालाची वाट पाहत आहेत, त्यांच्यापाशी तू जागा राहा. रिपोर्ट काहीही येवो, तुझा हात त्यांच्या हातातून सुटू देऊ नकोस. आमेन.